हत्ति म्हणजे कापूस

भाचीच्या वहीवर लाल भोपळा होता. तिसरीची कन्नडची चाचणी. ‘हत्ति’ या शब्दापुढं चित्र काढायचं होतं. तिनं सोंडेसकट हत्ती काढला. कन्नडात हत्ति म्हणजे कापूस. पोरीनं हत्ती का काढला, हे बाईंनी विचारलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं.

तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, वही मिटून म्हणाले, “सोमवारी परत चाचणी हाय. परत भोपळा आला तर या मराठी शाळेतनं नाव काढतो, बेळगावात इंग्लिश मिडियमला घालतो. तुझी पत्रकं घाल चुलीत.”

‘मराठी शाळा वाचवा’ म्हणत येळ्ळूरभर पत्रकं वाटणारी मी. घरचंच पोर गेलं तर गावाला काय सांगू? खरं सांगते, पोरीपेक्षा मला माझ्या तोंडाची काळजी जास्त होती.

मी कन्नड रागानं शिकलेली. वर्ग हसला म्हणून एकेक शब्द पन्नास वेळा लिहून काढलेला. तिलाही तेच लावलं. शनिवारी दुपारी अकराव्या ओळीला तिनं पेन्सिल खाली ठेवली. रडली न्हाय. ही पोर पहिल्यापासून तशी. खात्री पटल्याशिवाय बोलत न्हाय, आणि भ्याली की तोंडाला कुलूप.

“लिही की गं.” माझा आवाज चढला होता.

ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, हे शब्द चोर हाईत.”

“म्हंजे?”

“नाव आपलं, आत भलतंच. हत्तीत कापूस. ऊट म्हंजे जेवण, आणि आपण म्हणतो ऊठ.”

तिनं कोरं पान घेतलं, वर लिहिलं ‘चोर शब्द’. मग जी पाहुण्यांसमोर येत न्हाय, ती एकटी शेजारच्या कन्नड काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. रविवारपर्यंत सात चोर धरले. “हालु म्हंजे दूध, मावशी. हाल फक्त आपलेच.”

सोमवारी दहापैकी चार. दाजी वही धरून उभेच.

“चारच?”

“व्हय. भोपळा न्हाय.”

“मग हत्तीला काय म्हणायचं कन्नडात?”

“आने.”

त्यांनी चोरांचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“सहामाहीपर्यंत राहू दे हितंच,” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “पण हिला तू शिकवायचं न्हाय.”

मी मान डोलावली.