आप्पांनी शोधलेलं पॅरिसचं तिकीट

कुणीही गावाहून आलं की आमच्या गल्लीतले आप्पा 'प्रवास कसा झाला?' असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: गाडी कोणत्या फलाटाला लागली? परभणी जंक्शनच्या तिकीट खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाले तरी कुणी कसं, कुठून, किती स्वस्तात जावं, हे सांगायला दारातल्या खुर्चीत हजर.

माझी लेक मीरा जर्मनीत एका छोट्या गावी शिकत होती. पॅरिसला तिची नोकरीची मुलाखत ठरली, दुपारी तीनला. ही हुकली तर व्हिसा संपणार आणि गाशा गुंडाळून परत यावं लागणार. तिनं दोन स्वस्त तिकिटं हेरून ठेवली होती: कोलोन शहरापर्यंत एक आणि तिथून पॅरिसच्या गाडीचं वेगळं. मी मोठ्या कौतुकानं आप्पांना सांगायला गेले, तर स्वारी भडकलीच.

"ताई, तिकीट तोडायचं न्हाई. पहिली लेट झाली तर दुसरीवाला तुमाला वळखतोय का? आन् थेट तिकीट स्वस्तच पडतंय."

अहो, ते युरोप आहे, मी म्हटलं. मीराही फोनवर हसली. पण आप्पा ऐकतील तर शपथ! पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून, तीन दिवस ते माझ्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसले. ही वेळ बघ, ती गाडी बघ. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी हाक मारली. मीराच्या गावातल्या चिमुकल्या स्टेशनावरून थेट पॅरिसचं एकच तिकीट, गाडी कोलोनला बदलायची तरी, त्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त होतं! पिठाचे हात तसेच धरून मी बघतच राहिले. काय आनंद झाला म्हणून सांगू! आप्पा समाधानानं म्हणाले, "लय शहाणे लोक हायत. आपल्यावानीच करायलेत."

मीरानं तेच तिकीट काढलं. मुलाखतीच्या दिवशी पहिलीच गाडी पाऊण तास शेतात उभी राहिली आणि कोलोनहून पॅरिसची गाडी निघून गेली. मीराचा रडत फोन आला. मी फोन घेऊन आप्पांकडे पळाले.

"पोरी, रडू नको. तुझं तिकीट तुटलेलं न्हाई. खिडकीवर दाखव. पुढच्या गाडीत बसवणं त्यांचं काम हाय."

आणि बसवलं की! एक पैसा जास्त न घेता. अडीचला ती पॅरिसला उतरली, धापा टाकत मुलाखतीला पोचली, आणि नोकरी मिळाली. मी पेढे घेऊन गेले, तेव्हा आप्पांचे डोळे भरून आले होते. पेढा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, पॅरिसची गाडी कोणत्या फलाटावरून सुटली? मी तिथूनच मीराला फोन लावला; तिनं बघितलंच नव्हतं. म्हातारा चांगलाच हिरमुसला.

गेल्या वर्षी आप्पा गेले. पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नव्हता. मीरा आता कामासाठी या देशातून त्या देशात रेल्वेनं फिरते आणि गाडी बदलली की मला फोन करते. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. आधी म्हणते, "आई, फलाट नऊ."