मणक्यातलं सिमेंट

सलूनवाल्या दादांचा सगळा जन्म उभ्यानं केस कापण्यात गेलेला. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मागे कॅन्सरपायी एक किडनी काढली होती, पण ते प्रकरण तिथंच मिटलं असं घरात सगळे धरून चालले होते. मग एका सकाळी पडलेला कंगवा उचलायला ते वाकले आणि कमरेत काडकन काहीतरी मोडलं. अर्ध्या दाढीनिशी गिऱ्हाईकच उठलं आणि त्यानं दादांना धरून बाकावर आडवं केलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "कॅन्सर मणक्यात उतरलाय. पोखरलेला मणका दबलाय. सुईनं त्यात सिमेंट भरू. आधार मिळेल, दुखणं उतरेल. मग रेडिएशन."

"सिमेंट? घराला लावतात ते?" बायको दचकलीच.

"हाडांसाठी वेगळं असतं."

एरवी दादांनी यावर तासभर गप्पा रंगवल्या असत्या. आता त्यांनी एवढंच विचारलं, "पाय जातील का हो?"

"सिमेंट मज्जारज्जूकडे झिरपलं तर धोका आहे, म्हणून पडद्यावर बघत बघतच भरतो. मणका असाच खचू दिला तर धोका जास्त."

तेव्हापासून चादरीखाली त्यांच्या पायाची बोटं सारखी हलत राहिली.

"अहो, काय चाललंय?"

"हजेरी घेतोय." बायको हसली नाही. तेही हसले नाहीत.

टेबलावर पालथं झोपवून भूल दिली ती तेवढ्या जागेपुरती. सुई आत जाताना हातोडीचे ठोके थेट हाडातून कानात घुमले.

"उजवा पाय हलवा." हलला.

"डावा." काहीच झालं नाही.

"दादा, डावा!"

भीतीनं गोठलेला पाय अखेर हलला. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला.

संध्याकाळी ते बायकोचा हात धरून खिडकीपर्यंत चालले. दुखणं चार आणेही उरलं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांना धार लागली. दादांनी मात्र डॉक्टरबाईंना गाठलं. "बाकीचे मणके?"

"दोन ठिकाणी डाग आहेत. लक्ष ठेवू."

रेडिएशन संपल्यावर दादा दुकानात परतले. उंच स्टुलावर बसून जमेल तेवढी डोकी करू लागले. एक जुनं गिऱ्हाईक खुशीत आलं, "वा, उभे राहिलात की!" आणि पाठीवर थाप मारायला त्यानं हात उचलला.

"नको!" दादा एवढ्यानं ओरडले की त्याचा हात वरच थांबला. दादांनी कात्री हळूच खाली ठेवली.