पाळण्याची खोली

पापडी गावात मटिल्डाबायला कधी कुणी हट्टी म्हटलं नव्हतं. पण एकोणऐंशी साली, घरात नातवंड यायच्या आधी, आळीभर एकच बोलणं सुरू झालं की म्हातारीचं डोकं फिरलंय.

झालं होतं एवढंच. सून जुलियाना रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती बाळ घेऊन परतायच्या आत व्हिन्सेंटला, मटिल्डाच्या एकुलत्या एका मुलाला, पाळण्यासाठी एक खोली वाढवायची होती. वालीवच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून त्याने विटा जमवल्या होत्या. घरात जागा होती कुठे? पुढच्या खोलीत प्रार्थनेचा आल्तार आणि माणसांची ये-जा, स्वयंपाकघरात धूर, आणि मधल्या खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागायचा. घराच्या पश्चिमेला मात्र विहिरीपर्यंत मोकळी जमीन होती. समुद्राचा वारा थेट तिथे यायचा. गवंडी रामनाथ म्हणाला, यापेक्षा चांगली जागा शोधूनही मिळायची नाही. मटिल्डा म्हणाली, तिथे नको.

का नको? तर म्हणे पावसाची झड येते. मग छप्पर पुढे काढू, मुलगा म्हणाला. मग म्हणे साप निघतात, मग म्हणे विहीर जवळ आहे. ती एकेक कारण काढायची आणि तो ते खोडून काढायचा. शेवटी म्हणाली, पूर्वेला बांध, गोठ्याला लागून. आता बोला! शेणात आणि डासांत तान्हं बाळ कोण ठेवतं? ही बातमी जुलियानाच्या माहेरी पोचायला कितीसा वेळ लागणार! विहीणबाईंनी लागलीच निरोप धाडला की तुमच्याकडे जागा होत नसेल, तर आमची पोरगी आमच्याकडे राहील. मटिल्डाने तेही मुकाट ऐकून घेतलं. सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने?

त्या जमिनीत तिची मुलगी होती.

व्हिन्सेंटच्या आधीची, पहिलीवहिली. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची. पोर जन्मली तीच निळसर, अडकत अडकत श्वास घेणारी. नवरा फर्डिनंड फादरना आणायला धावला. अशा वेळी घरातल्या कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा दिला तरी चालतो, हे मटिल्डाला लहानपणापासून ठाऊक होतं. शब्दसुद्धा पाठ होते. पाण्याचा तांब्या उशाशीच होता. सुईण म्हणाली, तुझ्याने होत नसेल तर मी घालते. मटिल्डाने तिचा हात धरून ठेवला. पाणी घालायचं म्हणजे पोर जाणार हे कबूल करायचं, आणि ते कबूल करायला आईचं काळीज तयार होईना. फादर येईपर्यंत टिकेल, टिकेल असं म्हणत ती पोरीला छातीशी धरून बसली. फादर वाडीत शिरले तेव्हा सगळं संपलं होतं.

बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला त्या काळी दफनभूमीत जागा नव्हती. फर्डिनंडने घराच्या पश्चिमेला खड्डा खणला. पुढे त्या जागेवर त्याने कधी केळ लावली नाही. सुईण गेली, तोही गेला, आणि हे ठाऊक असलेली ती एकटीच उरली.

एका सकाळी आईला न विचारता व्हिन्सेंटने चुन्याने आखणी करून घेतली. रामनाथने कुदळ उचलली, तशी मटिल्डा येऊन आखणीच्या मधोमध मातीत बसली. रामनाथ बिचारा कुदळ ठेवून विहिरीकडे निघून गेला. व्हिन्सेंटचा तोल सुटला.

"आये, माझं पोर तुला नकोच आहे का?"

"इथं तुझी बहीण आहे," ती म्हणाली. "मी बसलेय ना, तिथंच."

मग तिने सगळं सांगितलं, पाण्याचंही. व्हिन्सेंट सायकल काढून चर्चमध्ये गेला. नवे फादर तरुण होते. त्यांनी काही खोदून विचारलं नाही. म्हणाले, घेऊन या तिला, वडलांशेजारी ठेवू. मुलाने घरी येऊन हे सांगितलं, तशी मटिल्डा हमसून हमसून रडली. इतकं सोपं होतं, आणि ती उभा जन्म कुढत बसली होती.

दुसऱ्या दिवशी फादर घरी आले. रामनाथने कुदळ न लावता हातानेच माती उकरली, कमरेइतका खोल गेला. काही मिळालं नाही. नुसती काळी ओली माती आणि मुळं. जागा तर चुकत नाही ना, व्हिन्सेंटने हळूच विचारलं. हीच जागा, मटिल्डा म्हणाली. तिथली मूठभर माती फादरनी पांढऱ्या फडक्यात बांधायला सांगितली. गाठ मारता मारता मटिल्डा मुलाला म्हणाली की आता इथंच बांध खोली, वारा चांगला येतो.

फादरनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि मुलीचं नाव विचारलं.

"नाव नाही ठेवलं, फादर," ती म्हणाली. "ठेवलं असतं तर हाक मारल्यावाचून राहवलं नसतं."