मुलुंडचा भारा

माझ्या धाकट्या बहिणीचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. लपवायचं काय त्यात? आम्ही दोघी जळाऊ लाकडं विकतो. माझी वखार घाटकोपरला, डोंगराच्या अंगाला, चाळींच्या तोंडाशी. तिची मुलुंडला. टेम्पो एकच, मुरबाडकडून येतो. आधी तिच्याकडे अर्धा रिकामा होतो, मग माझ्याकडे येतो, म्हणजे निवडून घ्यायचा मानही तिचाच. मला उरलंसुरलं.

मी किलोवर विकते. काट्यावर टाकलं, आकडा दाखवला, पैसे घेतले. माझी गिऱ्हाइकं कोण, तर लग्नाचं जेवण चुलाणावर रांधणारे आचारी, जयंतीला अख्ख्या वस्तीचं जेवण घालणारी मंडळं आणि अजून बंबात पाणी तापवणारी दोन-चार म्हातारी माणसं. बेकऱ्या होत्या, त्या गॅसवर गेल्या. ही माणसं रुपया-रुपयासाठी भांडतात आणि वर मलाच ऐकवतात, "ओलं आहे बाई, पाण्याचे पैसे घेतेस काय?" आमच्या बहीणबाई मात्र किलो हा शब्द तोंडातून काढत नाहीत. तिच्याकडे भारा. टॉवरमधल्या लोकांना फार्महाउसवर शेकोटी करायची असते, कुणाला गच्चीतल्या पिझ्झाच्या भट्टीला लाकूड हवं असतं. ते भारा बघतात, "किती क्यूट" म्हणतात आणि ती सांगेल ते देऊन जातात. तेच लाकूड, तोच टेम्पो, आणि भाव माझ्या तिप्पट! सांगा, डोकं फिरणार नाही तर काय?

भारा ही आमच्या गावची रीत. बाबा कुडाळच्या बाजारात भारे विकायचे. तिथे काटा नव्हता. दोरीची लांबी ठरलेली, त्या दोरीत मावेल तो भारा, आणि भाव तोंडी. बहिणीचं सासर घाटावरचं, साताऱ्याकडचं. तिथे बाभळीची अख्खी ट्रॉली नुसत्या नजरेने ठरवतात, वजन विचारलं तर हसतात. तिच्या लग्नात बाबांची आणि तिच्या सासऱ्याची यावरून अशी काही जुंपली की पंगतीतली जिलेबी तशीच राहिली.

आई गेल्यावर बाबा मुंबईला आले ते माझ्याकडे. मोठी मी, तेव्हा मान माझाच. वखारीत त्यांना खुर्ची टाकली, वर पंखा लावला, चहाची वेळ कधी चुकवली नाही. लाकडाला हात म्हणून लावू दिला नाही. वय झालं, आता आराम करा, म्हटलं. ते काट्यावरचे लाल आकडे बघत बसायचे. मग एक दिवस बहीण आली, "ताई, आठ दिवस नेते गं त्यांना," म्हणाली. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. फोन केला की मागून बाबा कुणाशी तरी हसतखिदळत बोलताना ऐकू यायचे. माझ्याकडे हा माणूस हसल्याचं मला आठवत नाही. डोळे भरून यायचे आणि लगेच रागही यायचा. असं काय खायला घालते ही? मला माझे बाबा परत हवे होते, बस्स.

शेवटी आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला मी म्हटलं, "मुलुंडला जा, गिऱ्हाईक म्हणून एक भारा घेऊन ये. माझं नाव काढलंस तर बघ." दुपारी तो भारा घेऊन आला. दिसायला गलेलठ्ठ. त्या दोरीत वीस किलो तरी भरायला हवं. काट्यावर टाकला तर सहा! मी हात घातला तर अख्खी मूठ आत गेली. लाकडं आडवीतिडवी, मध्ये नुसती हवा. पोकळ भारा! आमच्या बाजारात याहून मोठी बदनामी नव्हती. कुणी पोकळ भारा आणला तर बाबा स्वतः भर बाजारात लाथ मारून तो उसवायचे, आणि मग त्या माणसाकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. मला इतका आनंद झाला की मी जेवायचंही विसरले. सापडली एकदाची! आता बाबांसमोर उसवते हा, मग बघू तिथे किती दिवस राहतात.

त्याच रिक्षात भारा घालून मी मुलुंड गाठलं. बहीण वखारीच्या दारातच उभी होती. बाबा आत मोरीवर हातपाय धूत होते.

"काय गं, हेच शिकलीस बाबांकडून?" मी भारा तिच्या पायाशी आपटला. "पोकळ भारे विकतेस? लाज नाही वाटत?"

तिने भाऱ्याकडे बघितलं, मग मोरीकडे. माझा दंड असा धरला की कळ आली.

"हळू बोल ताई, पाया पडते तुझ्या. हा त्यांनी बांधलाय."

"कुणी?"

"बाबांनी. हातात जोर राहिला नाही गं त्यांच्या, दोरी ओढली जात नाही. दिवसभर बांधत बसतात. संध्याकाळी देवळात गेले की मी सगळे भारे सोडून परत बांधते. आज मी बँकेत गेले होते, तेवढ्यात त्यांनी एक विकला. किती खूश होते!" मग तिची नजर रिक्षावाल्यावर गेली. "तू पाठवलंस ना याला?"

वाट लागली होती माझी. आणि खरं सांगते, लाज नंतर वाटली, आधी हेवाच वाटला. हे मला का नाही सुचलं? एवढी वर्षं भाऱ्यांवर पोसली गेलेली मी, आणि त्यांना पंख्याखाली बसवून ठेवलं.

बाबा पंच्याला हात पुसत बाहेर आले. मला बघून त्यांना बरं वाटलं, मग त्यांची नजर खाली गेली. वाकून त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं.

"ही माझी गाठ. ह्यो भारो तुज्याकडे खंयसून इलो?"

"गिऱ्हाईक ओळखीचं निघालं, बाबा. वजन करून बघायला माझ्याकडे आलं होतं."

"मगे? किती भरलो?"

विचारताना त्यांनी एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता. बहीण माझ्याकडे बघत होती. सहा म्हटलं असतं तर माझं काम झालं असतं. बाबांनी पुन्हा कधी दोरीला हात लावला नसता, त्याच संध्याकाळी पिशवी भरून माझ्या मागे घाटकोपरला आले असते आणि मुकाट्याने खुर्चीत बसले असते. बहिणीला एक शब्द बोलता आला नसता.

"वीस," मी म्हटलं. "वीसच्या थोडा वरच."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आयकलंस मां गो?" ते बहिणीला म्हणाले. "आणि तू म्हणतंस, बाबा जरा बसा!"

"बाबा, चला ना आता घरी," मी म्हटलं. "खूप दिवस झाले."

"आता कसो येव?" ते दोरी शोधायला लागले होते. "वीस किलोचे भारे हयसर दुसरो कोण बांधतलो?"

बहिणीने ओढणी तोंडाला लावली. हसत होती की रडत होती, देव जाणे. मी रिक्षात जाऊन बसले. एवढ्या वर्षांत खोटं वजन मी एकदाच सांगितलं, आणि त्याचाही फायदा हिलाच झाला.