क्रियापद कशाशी जुळतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतेय — तेही धड माहीत नाही.

पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअरच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या आणि आम्हा पदवीधर मुलींना एमबीएपलीकडे काही दिसत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या एका क्लासात मी प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते. सुजाता तिथेच भेटली. भंडाऱ्याची. शिक्षण सगळं मराठीतून, वडील कारखान्यात कामगार. त्यांनी तिला पुण्यात राहून अभ्यास करायला एक वर्ष दिलं होतं — एकच.

सर गणित फळ्यावर लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. अडायची ती वाक्यं दुरुस्त करायच्या प्रश्नांत. एक लांबलचक इंग्रजी वाक्य, त्यातला एक भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय. मी कॉन्व्हेंटची, मला ते सोपं जायचं. म्हणून आमचं ठरलं — तिने मला गणित शिकवायचं, मी तिला ही वाक्यं. तिने शिकवलं. न कंटाळता, एकेक गणित तीन-तीनदा.

मीही आधी नीटच शिकवत होते. पण हे सांगून काय उपयोग?

मग एका सराव परीक्षेत ती क्लासात पहिली आली. इंग्रजीतही ती माझ्या जवळ येऊन पोचली होती. घरी मी ते सांगितलं. बाबांनी तिचं आडनाव आधीच कधीतरी विचारून घेतलं होतं. पेपर खाली न ठेवता ते म्हणाले, "वा. म्हणजे आता तुम्ही त्यांच्या मागे." एवढंच. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं — आणि मी हसले. हो, हसले. पण पुढचं बाबांनी केलं नाही. ते मी केलं.

वाक्य होतं — 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' — पुढे 'इज' की 'आर'? कर्ता 'क्वालिटी', एकवचनी, म्हणून 'इज'. मी तिला सांगितलं, क्रियापद नेहमी त्याच्या जवळच्या नामाशी जुळतं. 'मँगोज' जवळ आहे, म्हणून 'आर'. तिने वहीत लिहून चौकट केली. मग मी असे आणखी दोन-तीन नियम दिले. ठरवून. चेहरा सरळ ठेवून. इतकं सोपं असतं हे?

चार दिवसांनी ती पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "पुस्तकात तर उलटंच दिसून राहिलं."

तेव्हा थांबता आलं असतं. चुकून सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "छपाईची चूक आहे ती."

तिने पेन काढलं आणि पुस्तकातलं बरोबर उत्तर खोडलं.

त्या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान गुण लागायचे. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. इंग्रजीत थोडक्या गुणांनी नापास झाली. मला प्रवेश मिळाला. तिने मला पेढा भरवला आणि त्याच आठवड्यात ती भंडाऱ्याला परत गेली. मग नोकरी, बढत्या — माझं सगळं त्या प्रवेशावर उभं आहे.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. कुठूनतरी माझा नंबर मिळवला होता. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या मुलीला इथे पुण्याजवळ, वाघोलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि मुलगी इंग्रजीला घाबरते, म्हणाली. रविवारी तासभर तू शिकवशील का? "मला तर तू किती समजावलंस. माझ्याच डोक्यात भाषा शिरत नाही. मी त्यानंतर इंग्रजीच्या वाटेला गेलेच नाही."

इतकी वर्षं ती हेच मानत आली होती. मला वाटलं, आता सांगावं. तोंडही उघडलं. आणि म्हणाले, सध्या ऑफिसात फार काम आहे गं.

"असू दे," ती म्हणाली. "उगाच त्रास दिला तुला." आणि तिने फोन ठेवला.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला असेल. मी तिला भेटलेले नाही. सुजाताला अजूनही काही माहीत नाही.