घाटात तिसरी आलेली सायकल

माझ्याकडे एक जुनी इंग्लिश रेसिंग सायकल आहे. तिची किंमत काढायला मला तीन आठवडे लागले. त्यातले सायकलीवर गेलेले दिवस फार तर दोन. बाकीचे कुठे गेले, ते लिहितो. वय पंचाहत्तर झालं आहे. आणखी लांबवलं तर लिहायला दुसरंच कुणीतरी बसेल आणि माझ्याबद्दल सगळं चांगलंच लिहील, अशी भीती वाटते.

शिवाजी पार्कजवळची आमची इमारत पुनर्बांधणीला जाणार आहे. बिल्डरने दिलेलं भाड्याचं घर लहान आहे. पॅसेजमध्ये खुंटीला टांगलेल्या सायकलीकडे बघून बायको म्हणाली, "तिकडे एक तर ही येईल, नाहीतर मी. आणि मी नाही आले तर सकाळचा चहा तुम्हालाच करावा लागेल."

निर्णय सोपा होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी भंगारवाल्याचा नंबर पाठवला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी 'अँटिक आहे, लाखात जाईल' असं लिहून वर तीन नमस्कार टाकले. भंगार आणि लाख यांच्यामध्ये आठवडा गेला. मग लोअर परळच्या एका तरुण आर्किटेक्टचा फोन आला. त्याला जुन्या सायकली जमवायचा नाद होता.

"काका, पेंट ओरिजिनल आहे का?"

"दर दसऱ्याला नवा हात देतो," मी अभिमानाने म्हणालो.

मग त्याने सावरून विचारलं, "बरं, हिस्ट्री आहे का काही?"

मी उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "सांगा ना! खंडाळ्याच्या घाटात तिसरी आली होती म्हणून सांगा!"

त्याने ते ऐकलं. म्हणाला, "वा, काका! मग कुणा जाणकाराला दाखवून लेखी आणा. काय काय जुनं आहे ते, आणि ही शर्यतीची गोष्ट. गोष्ट पक्की असेल तर मी दुप्पट देईन."

जुन्या सायकलींचा जाणकार मुंबईत मला एकच माहीत होता. घोडपदेवला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. लग्नं, बारशी, गणपती, सगळीकडे आम्ही भेटत आलो. पण त्याच्या दुकानाची पायरी मी कधी चढलो नव्हतो, आणि सायकल तर कधीच त्याच्यापुढे नेली नव्हती. पंक्चर झालं तरी मी दादर सोडून जात नसे.

त्याचं कारण तो घाट.

आम्ही विशी-बाविशीत असताना परळच्या एका व्यायामशाळेने खंडाळ्यापर्यंत सायकलची शर्यत भरवली होती. आमच्या चाळीतले आम्ही दोघे उतरलो. माझ्या वडिलांच्या पारशी साहेबाने विलायतेला जाताना आपली सायकल वडिलांना देऊन टाकली होती, तीच ही. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागे पाच चकत्यांचा गिअर. माझ्या मित्राकडे मिलमधल्या वडिलांची काळी, जड सायकल होती, जिच्यावरून ते डबा आणि कधी कधी त्याच्या आईलाही न्यायचे. पहिल्या तिघांना एका मोठ्या कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळणार होती. सगळ्यांचा डोळा त्यावरच होता.

खोपोलीपर्यंत मी पुढे होतो. घाट लागला आणि माझ्या मांड्या संपल्या. त्याची ती काळी म्हैस मला शांतपणे मागे टाकून वर निघून गेली. जाताना तो म्हणाला, "ये हळूहळू."

धुकं होतं. मागून भाजीच्या रिकाम्या करंड्या घेऊन पुण्याकडे परतणारा एक ट्रक आला, आणि मी त्याच्या मागच्या फळीची साखळी धरली. एवढंच. आत करंड्यांवर आडवा पडलेला क्लीनर माझ्याकडे बघून हसला आणि त्याने मला शेंगदाणे देऊ केले. माझे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून घेतले नाहीत. धुक्यात मित्राला मागे टाकलं तेव्हा मी ट्रकच्या पलीकडच्या कोपऱ्याला होतो, ट्रक मध्ये होता. त्याला मी दिसलो नाही. मी तिसरा आलो. तो चौथा. नोकरी मला लागली, ती मी निवृत्त होईपर्यंत केली. तिच्यावर लग्न झालं, घर झालं.

तर दोन आठवडे टाळाटाळ करून शेवटी अशी सायकल टॅक्सीच्या टपावर बांधून मी घोडपदेवला गेलो. मनात ठरवलं होतं की फक्त सुट्या भागांबद्दल विचारायचं. शर्यतीचा विषय काढायचाच नाही.

त्याने मला बघितलं, मग टपाकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "आली! शेवटी आली माझ्या दारात! तू नसतास आलास तरी चाललं असतं रे, हिला एकटीला पाठवायचंस."

दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढा गाळा. एका आर्किटेक्ट पोराला विकायची आहे, जुन्या भागांचं लेखी हवं, एवढंच मी सांगितलं. त्याने सायकल स्टँडवर चढवली, चष्मा बदलला आणि तपासायला लागला.

"हे कॅरियर कोणी लावलं?"

"मी. भाजी आणायला."

"मडगार्ड?"

"मीच."

"सीट चामड्याची होती ना रे? हे रेक्झिन?"

"चामडं फाटेल म्हणून वरून शिवून घेतलं."

"मेल्या, घोड्याला स्वेटर घातलास." त्याने ब्लेड घेतलं आणि नळीवरचा रंग हलकेच खरवडला. वर चॉकलेटी. त्याखाली हिरवा. त्याखाली रुपेरी. मग एक विचित्र गुलाबी. तो माझ्याकडे बघत राहिला.

"लालबागला गणपतीच्या कारखान्यात ओळखीचा होता," मी सांगितलं. "उरलेला दिला त्याने. एक दसरा त्यात भागला."

"म्हणजे पाच चकत्यांच्या इंग्लिश सायकलला तू गणपतीच्या गालाचा रंग दिलास."

गुलाबीच्या खाली मोरपिशी निघाला. अस्सल, चकाकता. त्याने त्या नखाएवढ्या तुकड्यावर अंगठा फिरवला. मग मागच्या गिअरमधून चिमट्याने एक काळा पडलेला दोरा ओढून काढला. तो संपेचना. झेंडूच्या माळेचा होता. असे चार निघाले. दर दसऱ्याला मी तिला हार घालायचो, हळदकुंकू लावायचो आणि संध्याकाळी हार ओढून काढायचो. दोरा आत राहायचा. भक्तीने माणूस एखाद्या यंत्राचं किती वाटोळं करू शकतो, ते मला त्या स्टँडपाशी कळलं.

"तरी चांगली आहे," तो शेवटी म्हणाला. "हँडल, चकत्या, दोन्ही चाकांचे हब मूळचे. रंग उतरवता येईल. बारा हजार. पण शर्यतीचं लिहिलं की पंचवीस कुठे गेले नाहीत." त्याने दुकानाचं छापील पावतीपुस्तक ओढलं आणि मी तोंड उघडायच्या आत लिहायला लागला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता, "सदर सायकल, परळ ते खंडाळा शर्यतीत, तृतीय क्रमांक. मी स्वतः त्या शर्यतीत होतो व डोळ्यांनी..."

"डोळ्यांनी नको लिहूस," मी म्हणालो.

"का? होतो की मी. चौथा होतो. माझ्याहून मोठा साक्षीदार कोण?" तो हसला. "गिऱ्हाइकांना सांगतो ना मी. माणूस माणसाला हरवत नाही, यंत्र हरवतं. घाटात मी याच्या पुढे होतो, म्हणतो, आणि तरी हा चार मिनिटं आधी पोचला. त्याच दिवशी ठरवलं, हे चाकांचं गणित शिकायचं. शिकलो. दुकान टाकलं. या बाईच्या त्या पाच चकत्यांमुळे, बघ."

आणि त्याने चकत्यांना बोटाने टिचकी मारली. चाक छान फिरलं.

तो मला नावं ठेवत होता तोपर्यंत मी तग धरून होतो. पण तो माझ्या खोट्यावर सही करणार होता, आणि वर दुकानाचा शिक्का मारणार होता. शिक्का त्याने शाईवर टेकवलासुद्धा.

"मी ट्रक धरला होता," मी म्हणालो.

"कधी?"

"तेव्हा. घाटात."

शिक्का हवेतच राहिला. रागावला की तो मालवणीत जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. "तू माका ह्या आज सांगतंस?"

"आज."

तो स्टुलावर बसला. पण मेकॅनिक तो मेकॅनिकच. त्याला आधी बिघाड नीट कळायला हवा होता.

"किती वळणं?"

"दोन," मी म्हणालो. पन्नास वर्षं मी स्वतःलाही दोनच सांगत आलो होतो.

"दोन वळणांत चार मिनिटं? रॉकेट धरलं होतंस काय रे? मी तुझ्या पुढे होतो. तुला मागून येऊन मला गाठायचं, वर चार मिनिटं काढायची. नीट सांग."

"चार असतील."

"सोडलास कुठे?"

"शिंग्रोबाच्या देवळापाशी. ड्रायव्हरने देवाला नाणं टाकायला ट्रक हळू केला."

"शिंग्रोबापर्यंत!" तो उठून उभाच राहिला. "म्हणजे खडा चढ सगळा संपवलास की मेल्या! राहिलं काय मग? पुढचं मी पण चढलो असतो झोपेत! देवाने सोडवलं म्हणून सुटलास, नाहीतर पुण्याला जाऊन भाजी भरून आला असतास!"

मी मान खाली घालून उभा होतो. तो गाळ्यात दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत होता; तेवढीच जागा होती. मग थांबला.

"म्हणजे घाटात यंत्राने नाही हरवलं मला."

"नाही."

"म्हणजे त्या काळ्या सायकलवर, डब्याच्या कॅरियरसकट, मी..."

"तू तिसरा होतास."

त्याने चष्मा काढला. मी सगळ्याची तयारी ठेवून आलो होतो असं नाही, पण पाना अंगावर येईल याची थोडी ठेवली होती. तो माझ्या बाजूने वाकून बाहेर गेला आणि शेजारच्या शिंप्याला ओरडून म्हणाला, "ए, मशीन थांबव! मी तिसरा आलो!"

"कशात?" शिंप्याने विचारलं.

"घाटात!"

"कधी?"

"आत्ताच कळलं!"

मग मला म्हणाला, "जा. कोपऱ्यावर मिठाईवाला आहे. अर्धा किलो पेढे आण. कंदी आण, ते पांढरे नकोत." मी पेढे आणले. आमच्या चाळीत कुणी मॅट्रिक झालं, कुणाला नोकरी लागली, की पुडा घेऊन पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत जायचं असे. तो तसाच निघाला. शिंपी, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या दोन बायका, हवा भरायला थांबलेला एक डिलिव्हरीवाला. मी मागून पुडा धरून चालत होतो. प्रत्येकाला तो तोच निकाल सांगत होता आणि प्रत्येक वेळी चढ थोडा वाढत होता.

"आणि हे कितवे?" वरच्या बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"हा बाद," तो म्हणाला. "हा शर्यतीतच नव्हता."

एक पेढा उरला. दुकानात परत आल्यावर त्याने तो दोन बोटांत धरला, मला देईल असं वाटलं, आणि स्वतः खाल्ला. मग खाता खाता, दुसरीकडे बघत, विचारलं, "ती नोकरी मला लागली असती का रे?"

इथे थोडं गुळमुळीत बोलता आलं असतं. वैद्यकीय तपासणी असते, मुलाखत असते, असं. मी म्हणालो, "असती. तिघांनाही लागली."

"पेन्शन आहे?"

"आहे."

त्याने मान हलवली. हात पुसले. पावतीपुस्तकातलं पान काळजीपूर्वक फाडलं, नवीन घेतलं आणि लिहिलं: हँडल, चकत्या, दोन्ही हब मूळचे. रंगाचे थर पुष्कळ. योग्य किंमत बारा हजार. शर्यतीबद्दल एक शब्द नाही. सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"सायकल इथेच ठेव," तो म्हणाला. "रंग उतरवून देतो, तोपर्यंत त्या पोराला थांबायला सांग. आणि उद्या येऊ नकोस. आज पेढे झाले. उद्या मला तुझ्यावर रागवायचंय, नीट, सकाळपासून. परवा ये."

"परवा राग गेलेला असेल?"

"ते परवा बघू. ये मात्र."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, कारण ती हीच गोष्ट पन्नास वर्षं माझ्याहून जास्त जणांना सांगत आली आहे. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. फक्त विचारलं, "तुमच्या आईंनी माझ्या बाबांना सांगितलं होतं, मुलगा फार दमदार आहे म्हणून. ते याच्यावरूनच ना?"

"याच्यावरूनच."

"बरं," ती म्हणाली, आणि सुरी जरा जोरात चालायला लागली.

हे सगळं काल झालं. आज तिकडे घोडपदेवला त्याचा रागवायचा दिवस चालू आहे. सकाळपासून तीनदा हात फोनकडे गेला, पण त्याचा दिवस आहे, तो त्याला पुरा मिळायला हवा. म्हणून हे लिहीत बसलो. बायकोलाही असा एक दिवस देऊ केला. ती म्हणाली, "एकात भागणार नाही." कोणकोणते हवेत, ते तिने अजून सांगितलेलं नाही.