अकरा लाल चिंध्या

मी चौथी शिकलेला माणूस. पण आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माझ्या परवानगीशिवाय गर्डर जागचा हलत नसे. अठरा वर्षं फोरमन होतो. कुठली कडी झिजलीय, कुठला हूक वाकलाय, हे मला वहीत बघावं लागत नव्हतं. इंजिनियर पोरं वहीत बघायची आणि मग मला विचारायला यायची.

शेडमधली एक रीत माझी स्वतःची. वजन उचलायचा स्लिंग असतो, तारांचा पिळलेला जाड दोर. त्याच्या तारा तुटायला लागल्या की मी त्याला लाल चिंधी बांधायचो. माणूस मल्याळी असो, पठाण असो, बंगाली असो, त्याला वाचता येवो न येवो, लाल चिंधी सगळ्यांना कळते. चिंधीवाला स्लिंग खुंटीवरून कुणी काढायचा नाही. महिनाअखेरीला तो भंगारात जायचा.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षीची खंडेनवमी. मालक आमच्याच मुलखातले. शटर अर्धं खाली ओढून आम्ही सहा-सात मराठी माणसं दरवर्षी हत्यारांची पूजा करायचो. सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, तेल चोळायचं, चादरीवर मांडायची आणि हळदकुंकू लावायचं. पूजेला बाद झालेलं हत्यारही बसतं, त्यानेही आपलं काम केलेलं असतं. पण देवापुढे मळक्या चिंध्या मला बऱ्या दिसेनात. मी माझ्या हाताने सोडल्या. अकरा होत्या. एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

संध्याकाळी स्लिंग परत खुंट्यांवर गेले, आणि शटर लावताना तो डबा मला दिसला. कुलूप हातात होतं, कंपनीची बस हॉर्न मारत होती. मी म्हटलं, उद्या बांधू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला परस्पर साइटवर मापं घ्यायला पाठवलं. साडेदहाला शेडमध्ये आलो तर माणसं घोळका करून उभी. गर्डर उचलताना स्लिंग तुटला होता आणि एका वेल्डरच्या पायावर गर्डरचं टोक आलं होतं. नडगी मोडली. त्याला दवाखान्यात नेलं आणि ज्याने स्लिंग अडकवला त्या रिगरला पोलीस घेऊन गेले.

रिगर पेशावरकडचा पठाण. मला उस्ताद म्हणायचा. चार वर्षांनी घरी निघाला होता, आठवड्यावर सुट्टी आली होती. आता सुट्टी गेली, वर तुरुंग आणि देशाबाहेर घालवणं, एवढंच त्याच्या वाट्याला दिसत होतं.

तुटलेला स्लिंग मी उचलून बघितला. कडीवर हळदीचं बोट होतं. तेल चोळून आम्ही तो असा चकचकीत केला होता की तुटलेल्या तारा आत चिकटून बसल्या होत्या. त्याला कशा दिसणार? तो चिंधी बघणारा माणूस. चिंधी नव्हती.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "उचलण्याआधी तपासणं रिगरचं काम. तुम्ही यात पडू नका. आणि पूजेचं नाव तर तोंडातून काढूच नका."

"चिंध्या मी सोडल्या होत्या, साहेब."

"कुणी विचारलंय का तुम्हाला?"

विचारलं नव्हतं, हे खरं.

शुक्रवार सुट्टीचा, घरी होतो. माझी मुलगी तेव्हा लंडनच्या एका युनिव्हर्सिटीचा कायद्याचा कोर्स घरी बसून करत होती. पुस्तकं टपालाने यायची, विटेएवढी जाड. जेवायचं टेबल तिनेच अडवलं होतं, आम्ही नवराबायको खाली बसून जेवायचो. ती मोठ्याने पाठ करायची. मला इंग्रजी कळत नाही असं तिला वाटायचं. ऐकून ऐकून बरंच कळायचं. गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात, हात आणि मन. हाताने केलेलं असलं पाहिजे आणि मनातही दोष असला पाहिजे. दोन्हीला लॅटिन शब्द होते. ते मला आजही म्हणता येत नाहीत, पण त्यांचा अर्थ मी कुठल्याही वकिलाला समजावून सांगेन.

मी तिला म्हटलं, "समज, एका माणसाने रस्त्यावरच्या गटाराचं झाकण काढलं. साफ करायला. चांगलं काम. मग परत लावलं नाही आणि दुसरा आत पडला. त्या माणसाने काय केलं? काहीच केलं नाही ना?"

"नथिंग करणं इज ऑल्सो समथिंग, बाबा. ऑल्वेज नाही. रस्त्याने जाणाऱ्याने झाकण नाही लावलं तर ओके. पण ज्याने काढलं, धोका त्यानेच तयार केला. मग परत लावणं हीज ड्यूटी."

"पडणाऱ्याने खाली बघायला नको?"

"हवं. पण त्याची चूक असली म्हणून पहिल्याची पुसली जात नाही. टेस्ट सिंपल आहे. झाकण असतं तर तो पडला असता का?"

"नसता."

"देन."

मी भात कालवत बसलो. मग म्हटलं, "पण त्याच्या मनात काही वाईट नव्हतं."

"मनाच्या पायऱ्या असतात, बाबा. मुद्दाम केलं, ही सगळ्यात वरची. मग धोका दिसत होता तरी तसाच सोडून गेला. आणि मग लक्षातच आलं नाही. लास्ट वन, पुष्कळदा क्राइमसुद्धा होत नाही."

"दिसलं होतं की नव्हतं, हे कसं कळणार?"

"सिच्युएशनवरून. नाहीतर त्याने स्वतः सांगितलं तर." तिने पुस्तक मिटलं. "बाबा, झाकण कुणाचं?"

मी सांगितलं. डबा, कुलूप, बसचा हॉर्न, सगळं. तिच्या आईने ताटावरचा हात काढून घेतला. मुलगी शुद्ध मराठीत म्हणाली, "हा इंग्लंडचा कायदा आहे, बाबा. इथला वेगळा. इथे काय होईल मला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे," मी म्हटलं.

शनिवारी शेडमध्ये गेलो नाही, सरळ पोलीस स्टेशनला गेलो. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं सांभाळणारा माणूस, पठाणाच्या कागदांसाठी तिथेच आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, आना था तो आ गये. अब बस इतना बोलो, भूल गया. भूल गया में कुछ नहीं होता. यल्ला, चलो."

माणूस भल्यासाठीच सांगत होता. पण मला ते झोंबलं. अठरा वर्षांत मी त्या शेडमधला एक नट विसरलो नव्हतो. आता म्हातारा विसरभोळा म्हणून सही करू? त्यापेक्षा गुन्हेगार बरा.

ऑफिसर तरुण होता, हिंदी चांगली बोलायचा. मी पूजेसकट सगळं सांगितलं. मालकांना पूजेची धास्ती होती, पण त्याने त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. चिंध्या का काढल्या, तेही फारसं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "वापस क्यों नहीं बाँधा? भूल गया?"

"नहीं साब. डब्बा देखा था. सोचा, कल बाँधूँगा."

मंदूबने कपाळाला हात लावला. ऑफिसरने लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. "पक्का? ऐसा लिखूँ?"

"ऐसाही लिखो."

त्याने तसंच लिहिलं. लंडनच्या पुस्तकात जो प्रश्न होता, तोच याच्या टेबलावर होता.

पठाणाला दुपारी सोडलं. मला दोन दिवस आत ठेवलं. पुढे कोर्टात केस चालली, पासपोर्ट जमा होता, अखेर दंडावर सुटलो. त्याआधी मी दवाखान्यात जाऊन वेल्डरपुढे उभा राहिलो होतो. तो प्लास्टरकडे बघत म्हणाला, "फोरमन, अगली बार पूजा के बाद मेरे को बुलाना, मैं बाँधेगा." तो जरा लंगडत पण कामावर आला. मालक चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. फोरमनकी मात्र काढली नाही, कारण मापं कोण घेणार?

त्या वर्षीच्या परीक्षेत माझी मुलगी त्याच, गुन्ह्यांच्या कायद्याच्या विषयात पहिल्या वर्गात आली. आज कोर्टात उभी राहते. तिला शिकवणारे प्रोफेसर मोठे असतील, पण गटाराचं झाकण तिला मी दिलं.

पुढच्या वर्षी मालक म्हणाले, पूजा बंद. मी म्हटलं, पूजा होणार. झाली. सुट्टीवरून आलेला पठाण अर्ध्या शटरच्या बाहेर उभा होता, पूजेच्या वेळी आत यायचं नाही म्हणून. तिथूनच ओरडला, "उस्ताद, आज कितने?"

"सात."

"खोला?"

"नहीं खोला."

चिंध्यांसकट सात स्लिंग चादरीवर मांडले होते. मी प्रत्येक चिंधीला कुंकू लावलं. लालावर लाल, दिसत काही नव्हतं. पठाणाने खाली वाकून शटरखालून एकेक मोजली, आणि मग चहा सांगायला गेला.